रविवारच्या पायऱ्या

प्रिय मुंगी,

हे पाकीट तू लगेच उघडणार नाहीस, हे धरूनच लिहायला बसले आहे. अक्षर ओळखशील, पाकीट पालथं करून टेबलावर ठेवशील आणि दोन दिवस त्याच्याकडे न बघता ये-जा करशील. लहानपणी औषधाच्या बाटलीशीही तू असंच वागायचीस. ठेव, काही हरकत नाही. अकरा महिने आपण बोललेलो नाही, आणखी दोन दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. फक्त फाडू नकोस. मला तुझी माफी मागायची आहे, आणि तुला वाटतं त्याहून मोठ्या गोष्टीची मागायची आहे. ती एकदम सांगायला गेले की पेन जागीच अडतं, म्हणून आधी कुत्र्याचं सांगते.

हो, कुत्र्याचं. माझ्या घरात कुत्रा आहे. हस हवं तेवढं. तुझे बाबा जन्मभर मोठा कुत्रा हवा म्हणत आले आणि मी जन्मभर नाही म्हणत आले, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. तिसरा मजला, दोन खोल्या, चोपन्न पायऱ्या, आणि घरचा माणूस शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरात होता. मला पत्ता लागू न देता त्यांनी एका कुत्री पाळणाऱ्या बाईकडे सेंट बर्नार्डच्या पिल्लासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. ते गेल्यावर महिन्याभरानं त्या बाईचा फोन आला, पिल्लू दोन महिन्यांचं झालंय, न्यायला या म्हणाली. मी तिला सांगणार होते की नाव नोंदवणारा माणूसच राहिला नाही. तोंडातून निघालं ते मात्र, शनिवारी येते.

आणलं तेव्हा बाबांच्या करड्या स्वेटरात गुंडाळून आणलं होतं. तळमजल्यावरचे सुतारकाका दुकानातून बाहेर येऊन म्हणाले, ताई, हे काय गाठोडं आणलंत? तेच नाव पडलं. गाठोड्या. त्या बाईनं निघताना बजावलं होतं की ही मोठ्या जातीची पिल्लं भराभर वाढतात, हाडं मात्र वर्षभर कोवळी राहतात, तेव्हा जिन्यावर जपा. मी जपलं. म्हणजे उचललं. सकाळी उचलून खाली, उचलून वर, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मी अजून अर्धा दिवस पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कामाला जाते, त्यालाही नेत होते. छापलेल्या पानांचे फर्मे जुळवायच्या टेबलाखाली तो झोपायचा, आणि दर सोमवारी मी त्याला कागद तोलायच्या काट्यावर ठेवायची. आठ किलो, अकरा, पंधरा, एकोणीस. कामावरच्या बायका म्हणायच्या, आता पुरे, कंबर मोडेल. मी म्हणायची, आमच्याकडे मुलांना उचलायची सवय आहे. हे म्हणताना मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

तो साडेतीन महिन्यांचा झाल्यावर एकटीला झेपेना, तेव्हा सुतारकाकांनी जाड कापडाची झोळी करून दिली. पुढे ते, मागे मी, मधे साहेब जीभ बाहेर काढून. अख्खी इमारत दारात येऊन बघायची. मग एक दिवस दुसऱ्या मजल्यावर मला असा दम लागला की झोळी खाली ठेवून मी भिंतीला टेकले ते दहा मिनिटं उठलेच नाही. त्या दिवसापासून उचलणं बंद झालं. गाठोड्या तेव्हा सात महिन्यांचा होता, बेचाळीस किलोंचा, आणि जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. दार उघडलं की शेपूट हलवत तो पहिल्या पायरीच्या कडेपर्यंत यायचा, खाली बघायचा, आणि आडवाच व्हायचा. उठवलं तर थरथरायचा. पाच आठवडे तो घराबाहेर पडला नाही. मागच्या गॅलरीत कारखान्यातलं कागदाचं कातरण पसरून त्याची सोय केली होती. एवढं मोठं जनावर ओशाळं तोंड करून कागदावर बसायचं आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. तुझ्याच वयाची मुलगी आहे, बोलायला फटकळ. तिनं त्याचे पाय, कंबर सगळं चाचपून पाहिलं आणि मला विचारलं की याला उचलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं. मी म्हटलं, हाडं कोवळी असतात म्हणून. ती म्हणाली, "पळू देऊ नका, उड्या मारू देऊ नका, एवढंच असतं ते. हळू चालण्यानं कोणाची हाडं झिजत नाहीत. तुम्ही त्याला जपलं नाहीत, आजी, तुम्ही त्याला घाबरवून ठेवलंत." मी तिच्यासाठी चहा टाकत होते. तो उतू गेला.

मुंगी, मला तुझे डॉक्टर आठवले. साडेतीन वर्षांची होतीस, तो ताप येऊन गेला होता आणि डावा पाय पातळ पडला होता. तेही एवढंच म्हणाले होते, तिला दमवू नका. दमवू नका, एवढंच. कडेवर घ्या असं कोणी म्हणालं नव्हतं. पण सकाळी सात दहाची बस, त्याआधी तुला शाळेत सोडायचं, तुझे बाबा पहाटेच कामावर गेलेले. तुला तुझ्या पायानं चोपन्न पायऱ्या उतरू द्यायच्या तर अर्धा तास हवा. माझ्याकडे चार मिनिटं असायची. लोक म्हणायचे, केवढी माया, पोरीला खाली ठेवत नाही. मीही तेच मानलं. आज साठी उलटल्यावर कळतंय की ती माया होतीच, पण तिच्यात घाई फार होती. वाट बघायला जीव लागतो. उचलायला फक्त हात लागतात.

तू सहा वर्षांची असताना एकदा पाचव्या पायरीवर बसकण मारून म्हणाली होतीस, तू जा पुढे, मी येते. मी पुढे गेलेही. पहिल्या मजल्यावर पिशवी ठेवली, घड्याळ पाहिलं, आणि परत खाली येऊन तुला उचललं. तू माझ्या खांद्याला कडकडून चावलीस. वर गेल्यावर मी बाबांना तो खांदा दाखवला आणि म्हटलं, बघा तुमच्या लाडकीचे गुण. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मी कधी लावायला गेले नाही, तेवढी उसंत मला नव्हती.

तर शिकवणी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंची रीत साधी होती आणि माझ्या स्वभावाला अगदी उलटी. पट्टा ओढायचा नाही. मागून ढकलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. त्यानं पाय टाकला तर शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नाही टाकला तर काहीच म्हणायचं नाही, तोंड पाडून बसायचं नाही, आणि सुस्कारे तर मुळीच टाकायचे नाहीत, त्याला ते कळतात. सुतारकाकांनी एक बुटका लाकडी ठोकळा करून दिला, अर्ध्या पायरीएवढा. तो बाहेरच्या खोलीत ठेवून मी शेजारी शिवणटिपण घेऊन बसायची. पहिले चार दिवस त्यानं ठोकळ्याला वळसा घालून जाण्यात काढले. पाचव्या दिवशी एक पंजा ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. मग दोन पंजे. मग चारही, आणि ठोकळ्यावर हे धूड उभं. मग मोठा ठोकळा, मग दोन ठोकळे. घराची नुसती सुतारशाळा झाली. तीन आठवड्यांनी आम्ही खऱ्या जिन्यावर आलो, आणि पहिल्या दिवशी एक पायरी उतरलो. एक. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले, जिन्यावरून जाणारे-येणारे आमच्यावरून ढांगा टाकून गेले.

मी फार शहाणी झाले असं समजू नकोस. जित्याची खोड जाता जात नाही. एका सकाळी मला एका ठिकाणी वेळेवर पोचायचं होतं, गाठोड्या सातव्या पायरीवर अडून बसला होता, आणि मी पट्टा ओढला. जोरात ओढला. म्हणाले काय माहीत आहे? "चल, तुझ्या पायी मला उशीर होतो." त्यानं जागच्या जागी लघवी केली, एवढ्या मोठ्या कुत्र्यानं, आणि ती पायऱ्यांवरून ओघळत खाली गेली. वाक्य माझंच होतं, शब्द न् शब्द. रोज सकाळी मी तुझ्या बुटाच्या नाड्या बांधताना म्हणायचे तेच. मी पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. त्यानंतर नऊ दिवस तो उंबऱ्याबाहेर आला नाही. आला तेव्हाही आधी माझ्या हाताकडे बघायचा.

माझं रडणं ऐकून सुतारकाका वर आले होते. बादली आणली, पायऱ्या पुसल्या आणि बाजूला बसून मला समजावू लागले. म्हणाले, ताई, तो शिकेल, तुमची लेक नाही का शिकली. मी म्हटलं, ती कुठे शिकली, मी तिला साडेनऊ वर्षांची होईपर्यंत उचलत होते. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला खरंच माहीत नाही? ती सात वर्षांची असल्यापासून चढायची की. रविवारी. दादा बरोबर असायचे."

मी रविवारी जादा पाळीला जायचे. मागे तुम्ही दोघं काय करायचात ते मला आत्ता, पंचवीस वर्षांनी, सुताराच्या तोंडून कळावं. ते सांगत होते आणि मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. बाबा वर्तमानपत्र घेऊन जिन्यात बसायचे, तू कठडा धरून एकेक पायरी चढायचीस, ते मान वर करून बघायचेही नाहीत, तू पोचलीस की पान उलटायचे आणि एक पायरी वर सरकायचे. पाऊण तास लागायचा, पुढे पुढे अर्धा. काका म्हणाले की एकदा त्यांनी बाबांना विचारलं होतं, ताईंना का नाही सांगत? बाबा म्हणाले, सहा दिवस तिच्या आईचे आणि एक दिवस आमचा. पोरीनंच तसं ठरवलंय. आईला उचलायला आवडतं म्हणते.

मुंगी, हे ऐकल्यापासून माझी झोप गेली आहे. म्हणजे अडीच वर्षं तुला जिना येत होता, आणि तरी सोमवार ते शनिवार तू माझ्या गळ्यात हात टाकून गप्प राहायचीस. मी समजत होते मी तुला सांभाळते आहे. आपल्या दोघींत धीर कोणाकडे होता, ते मला आज कळतंय. एवढ्याशा पोरीकडे तो कुठून आला होता? माझ्याकडून तर नक्कीच नाही. तू आता मुलांना पोहायला शिकवतेस. बाबांना आलेल्या पत्रात तू एकदा लिहिलं होतंस की पोटाखालचा हात वेळेवर काढून घेणं हीच शिकवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी चिडले, हा टोमणा मला आहे म्हणाले. आता वाटतं, टोमणा नसेलही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी पेन अडत होतं. बाबांचं चार महिन्यांचं दुखणं मी तुझ्यापासून लपवलं, हे तुला माहीत आहे. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, पाय प्लास्टरमध्ये होता, आणि मी ठरवून टाकलं की तुला हे झेपणार नाही. फोनवर खोकला म्हणत राहिले. ते गेल्यावर कळवलं तेव्हा तू जे बोललीस ते कामात असले तरी मला अजून ऐकू येतं. "बाबांचं मरणसुद्धा तू मला माझ्या पायानं चढू दिलं नाहीस, आई." आणि फोन ठेवलास. बरोबर बोललीस. पण तुला अर्धंच माहीत आहे.

बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तिला कळव. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कळवलंस? मी म्हटलं, कळवलं. काय म्हणाली? येते म्हणाली, पाय मोकळा झाला की निघते. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. तू विचारपूस करतेस असं मी त्यांना रोज सांगायची, आणि तुझा फोन आला की ते झोपलेत असं तुला. ते दाराकडे तोंड करून पडायचे. मी कूस बदलून द्यायला गेले तर नको म्हणायचे. म्हणजे, मुंगी, ते शेवटपर्यंत असं धरून होते की तुला सगळं माहीत आहे, आणि तरी तू आली नाहीस. अकरा महिने हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी त्यांना खरं सांगू शकले असते, त्या चार महिन्यांतल्या कुठल्याही दिवशी. तुला बोलावू शकले असते. तुम्हा दोघांनाही जपते आहे, असं मला वाटत होतं.

त्यांचा तुझ्यावर राग नव्हता, एवढं मी शपथेवर सांगते. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मीच न राहवून म्हटलं, अजून आली नाही हो. ते म्हणाले, "येईल. तिला तिचा वेळ लागतो. आपण थांबू." थांबू म्हणाले आणि थांबले नाहीत, त्यांच्या हातात नव्हतं ते. ही वाक्यं तुझी होती, मी ती माझ्याकडे ठेवून घेतली. याची माफी मागायची कशी ते मला येत नाही. नुसतं लिहिते, माझं चुकलं. तू माफ केलं नाहीस तरी हे खरं तुझ्याकडे असू दे.

गाठोड्याचं राहिलंच. गेल्या गुरुवारी तो तळमजल्यापर्यंत उतरला. चोपन्नच्या चोपन्न पायऱ्या, एक तास दहा मिनिटं. सुतारकाकांनी दुकानातली करवत थांबवली. शेवटची पायरी उतरून तो फरशीवर उभा राहिला, आजूबाजूला पाहिलं, आणि बाहेरच्या झाडापाशी इतका वेळ पाय वर करून उभा राहिला की काका म्हणाले, कित्येक महिन्यांची थकबाकी दिसते. खूप दिवसांनी मी हसले. मग आम्ही दोघं वर निघालो. दर सहा-सात पायऱ्यांवर थांबत, कधी त्याच्यासाठी, पण बहुतेक वेळा माझ्यासाठी.

कारण मला दम लागतो, मुंगी. त्या सकाळी मला जिथे वेळेवर पोचायचं होतं, ते हृदयाच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल होतं. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, ती बदलायची आहे. पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, सकाळी आठला. डॉक्टर म्हणाले, शंभरातली नव्वद माणसं यातून नीट बाहेर येतात, पण तुम्ही उशिरा आलात, तुमच्या बाबतीत आकडा थोडा कमी धरा. मी त्यांना थोडा म्हणजे किती ते विचारलं नाही. दोन महिने मला हे माहीत आहे. तुला न कळवता उरकून घ्यायचं, असं मी ठरवलंही होतं. तुझ्या पोहण्याच्या शिबिराचे दिवस, तुझा पाय, कारणं काय हवी तेवढी मिळतात. कुत्र्याला सुतारकाका सांभाळणार आहेत, म्हणून तर त्याला जिना यायला हवा होता. त्याची काळजी नको. मी तुला ये म्हणत नाही आणि येऊ नको असंही म्हणत नाही. मला भीती वाटते आहे, हेही खरंच सांगते. तारीख तुला सांगितली, वेळ सांगितली, आकडा मला माहीत आहे तेवढा सांगितला. हे वाचून तू काय करावंस, ते मी ठरवलेलं नाही.

तुझीच,
आई